आम्ही खोडलेले वाक्य

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात दरवर्षी एखादा तरी प्रवासलेख असतो. पूर्वी तो वेरूळ-अजिंठ्याचा किंवा महाबळेश्वरच्या सहलीचा असे; अलीकडे क्वचित युरोपचाही असतो. आमच्यापैकी एक जण धुळ्यात मराठी शिकवतो, दुसरा जळगावात. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे आणि अशा अंकांचे संपादन, मुद्रितशोधन हे काम एकमेकांच्या मदतीने करण्याची आमची जुनी रीत आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनावर हात फिरवणे हे आपले कर्तव्यच आहे, अशी आमची आजवर समजूत होती. प्रस्तुत लेख त्या समजुतीविषयी आणि तिच्यामुळे आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी नेदरलँड्समधील एका विद्यापीठाच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाला जाऊन आली. विषय भूगोल, जोडीला मराठी. गाव साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठचे. वडील सालदार. आजोबा फडावर जागल्या होते. शिष्यवृत्ती मिळाली, पारपत्र झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुंबई पाहिलेली ही मुलगी त्याच रात्री मुंबईतून ॲमस्टरडॅमला गेली. परतल्यावर तिचा यथोचित सत्कार झाला. शाल, श्रीफळ, छायाचित्र, आणि मूल्यांकनाच्या अहवालात विद्यार्थी आदानप्रदानाच्या रकान्यात एक नोंद. त्यानंतर आम्ही तिला वार्षिकांकासाठी लेख मागितला. तिने लेखाऐवजी वहीच आणून दिली. 'सर, तुम्हीच यातून काय ते काढा,' असे म्हणाली.

आम्ही ते काढले. अंकात साडेतीन पानांचा लेख आला, शीर्षक होते 'ट्यूलिपच्या देशात'. वास्तविक ट्यूलिप वसंतात फुलतात. ती तेथे होती जुलै-ऑगस्टात, आणि तिच्या वहीत ट्यूलिपचा उल्लेखही नव्हता. शीर्षक आमचे होते. लेखाची सुरुवातही आमचीच होती : 'समुद्रसपाटीखालील देश म्हणून हॉलंड जगप्रसिद्ध आहे.' लेख बरा झाला, असे सर्वांनी म्हटले. वही मात्र आमच्या कपाटातच राहून गेली.

यंदा जूनमध्ये ती वही परत मागायला आली. परदेशात पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज करायचा आहे आणि त्यासाठी जुन्या नोंदी हव्यात, असे तिने सांगितले. देण्यापूर्वी आम्ही वही पुन्हा चाळली, आणि दोन वर्षांपूर्वी आपणच मारलेल्या लाल रेघा वाचून आम्हाला शरम वाटली. आम्ही खोडलेले पहिले वाक्य असे होते : 'आठे पानी वर शे, नि वावर खाले.' येथे पाणी वर आहे आणि शेत खाली. अहिराणीतले सात शब्द. समुद्रसपाटी, जगप्रसिद्ध वगैरे शब्दांनी आम्ही जे सांगू पाहत होतो ते या वाक्याने आधीच, आणि डोळ्यांना दिसेल असे, सांगून टाकले होते. बांधावर उभे राहिल्याखेरीज असे वाक्य सुचत नाही. आमचे वाक्य मात्र सामान्यज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल.

भाषेचा प्रश्न त्यातल्या त्यात लहान आहे. मोठा प्रश्न पुढे आहे. वहीच्या मध्यावर अकरा पाने केवळ पाण्याविषयी होती. नेदरलँड्समध्ये पाण्याची व्यवस्था पाहणारी स्थानिक मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. आज त्यांची संख्या २१ आहे. बांध राखणे, पाणी उपसणे, पातळी सांभाळणे ही त्यांची कामे. त्यासाठी ती स्वतःचा कर बसवतात आणि त्यांच्या निवडणुका होतात. अभ्यासक्रमात अशा एका मंडळाच्या उपसा केंद्राची भेट होती. इतर विद्यार्थ्यांनी यंत्रांची छायाचित्रे काढली. या मुलीने वहीत लिहिले की, हा तर यांचा पाटकरी.

पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धत ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिले पाहिजेत. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून निघणारा पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक, तेही गावाने मिळून ठरवायचे. आपल्या शेताला पाणी आपण सोडायचे नाही, ते पाटकरी सोडतो. पिकाची राखण जागल्या करतो. शेकडो वर्षे चाललेली ही व्यवस्था विहिरी, पंप आणि नदीच्या वरच्या अंगाची धरणे यांमुळे आता बरीच क्षीण झाली आहे, परंतु तिचे शब्द त्या गावांतून अजून जिवंत आहेत. या मुलीने ते आजोबांच्या तोंडून ऐकले होते. म्हणून तिला त्या केंद्रात यंत्रामागचा माणूस दिसला आणि त्या माणसामागची गावकी दिसली.

आणि तिने त्या अधिकाऱ्याला एक प्रश्न विचारला. ज्याला जमीन नाही, त्याला या मंडळात बोलता येते का? त्याने सांगितले की, पूर्वी सत्ता मुख्यतः जमीनवाल्यांचीच होती, आता तेथील सर्व प्रौढ रहिवाशांना मत आहे. मग त्याने सहज विचारले की, तुमच्याकडे कसे आहे? तिला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते तिने रात्री वहीत लिहिले. अर्धे पान. आजोबांनी आयुष्यभर फडाची राखण केली, पण फड त्यांचा नव्हता. पाणी कधी सोडायचे हे ठरवायला मंडळी बसत तेव्हा ते बाहेर उभे असत. आणि तरीही ती पद्धत चांगली होती असेच ते मरेपर्यंत म्हणत. त्यांना तसे का वाटत होते, हे मला इथे बसून कळत नाही, घरी गेल्यावर विचारीन म्हटले तर ते नाहीत. एवढाच मजकूर. त्यावर आम्ही आडवी रेघ मारून समासात लिहिले होते, 'विषयांतर'.

सहा आठवड्यांच्या परदेशी अभ्यासातून निर्माण झालेला हा एकमेव खरा प्रश्न होता आणि तो आम्ही, मराठीचे दोन प्राध्यापकांनी, विषयांतर म्हणून काढून टाकला. असे का झाले, याचा विचार करताना आम्हाला आमच्याच अध्यापनाकडे वळावे लागले.

मराठीत युरोपचे जे वर्णन वर्गावर्गांतून शिकवले गेले, त्याची एक ठरावीक घडण आहे. निघण्याची धांदल, विमानातील फजिती, थंडी, जेवणाचे हाल, तेथील शिस्त आणि स्वच्छता, एखादे संग्रहालय, आणि शेवटी घरच्या वरणभाताची आठवण. ही घडण लोकप्रिय करण्याचे श्रेय 'अपूर्वाई'ला दिले जाते, आणि दोषही तिलाच. आमच्या मते दोष देणे अन्यायाचे आहे. १९६० साली पुस्तकरूपाने आलेले ते लेखन बीबीसीत प्रशिक्षणासाठी गेलेल्या एका माणसाचे होते. पु. ल. देशपांडे यांनी युरोप मापला तो पार्ल्या-गिरगावातल्या मध्यमवर्गाच्या मापाने, आणि ते माप त्यांचे स्वतःचे होते, म्हणून ते जिवंत राहिले. आम्ही शिक्षकांनी पुढे ते सर्वांचे माप करून टाकले. सालदाराची मुलगी जगात कोठेही गेली तरी तिला पार्ल्याच्या माणसाला होते तशीच गंमत वाटली पाहिजे, अशी आमची नकळत अपेक्षा होती. विनोद नाही आणि वरणभात नाही, तर मग हे प्रवासवर्णन कसले?

याउलट मराठीत परदेशी शिकायला गेलेल्यांची जी खरी परंपरा आहे, ती गंमतीची नाही, तुलनेची आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्ररूप लेखन मराठीत प्रसिद्ध झाले. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथे संस्कृतही शिकवत होत्या. १८८९ साली त्यांनी अमेरिकेवर लिहिलेले पुस्तक पाहावे. तेथील संस्था, घरे, कायदे, स्त्रियांचे उद्योग यांविषयी लिहिताना त्या सतत एकच गोष्ट तपासत असतात : माझ्या देशातील बाईच्या वाट्याला जे आले आहे, त्याच्या शेजारी हे ठेवले तर काय दिसते? त्यांना जे दिसले ते या मापामुळे दिसले.

इरावती कर्वे यांचे उदाहरण तर अक्षरशः मापाचे आहे. १९२८ ते १९३० या काळात त्या बर्लिनमध्ये मानवशास्त्राचा अभ्यास करत होत्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा प्रबंधाचा विषय. आणि गोऱ्या वंशाच्या कवट्यांत ती असमानता अधिक असते, असा त्यांच्या मार्गदर्शकांचा कयास. पंचविशीही न गाठलेल्या, परक्या भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला तो कयास सिद्ध करून मोकळे होणे किती सोपे होते! इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक आढळत नाही असे लिहिले. आमच्या विद्यार्थिनीशी त्यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. परंतु विद्यार्थी परदेशी जातो तो काय करायला, याचे याहून स्पष्ट उत्तर आम्हाला ठाऊक नाही. स्वतः मोजायचे आणि मोजले ते लिहायचे. समासात 'विषयांतर' लिहिणारा शिक्षक बर्लिनमध्ये असो की धुळ्यात, त्याच्यापुढे हे टिकले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल की, परदेशी जाऊनही गावाचेच गाऱ्हाणे गायचे असेल तर जायचे कशाला? हा आक्षेप केवळ आमच्या कर्मचारी-कक्षातला नाही, तो शासनाच्या कागदावरही उमटलेला आहे. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, पारंपरिक कारागीर आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या मुलांसाठी आहे. २०२२ साली तिच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. अशा विषयांची साधने आणि तज्ज्ञ देशातच आहेत, असा युक्तिवाद त्यामागे होता. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. कागदपत्रे येथे आहेत, माणसे येथे आहेत, मग लंडनला जाऊन काय पाहणार?

या प्रश्नाला इतिहासाने उत्तर दिलेले आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास कॉर्नेलमध्ये केला. १९०९ साली तो ग्रंथरूपाने आला, आणि परत आल्यावर त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध १९१६ साली कोलंबियातल्या चर्चासत्रात वाचला, आणि लंडनमध्ये त्यांचा १९२३चा प्रबंध होता रुपयाच्या प्रश्नावर. दोघेही दूर गेले, आणि घराचाच अभ्यास केला. जवळून ज्या गोष्टी स्वाभाविक वाटतात त्या दुरून प्रश्न म्हणून दिसतात, हे त्याचे साधे कारण आहे. फडाच्या बैठकीबाहेर उभे असलेले आजोबा त्या मुलीला साक्रीतही ठाऊक होते. परंतु ते बाहेर का होते, हा प्रश्न तिला पडला तो त्या उपसा केंद्रात. साधने येथे असतील. प्रश्न तेथे पडला. ज्यांचे आईबाप भूमिहीन आहेत नेमक्या त्यांच्याच शिष्यवृत्तीतून हा प्रश्न वगळावा, हे आम्हाला विपरीत वाटते. परंतु शासनावर टीका करण्याचा अधिकार आम्ही तूर्त गमावून बसलो आहोत. आमची लाल रेघ त्याच नियमाची धाकटी बहीण आहे.

खानदेशापुरते बोलायचे तर परतून आलेल्या माणसाचे काय करावे, हे आपल्याला पूर्वीही उमगलेले नाही. चाळीसगावचे केकी मूस यांचे नाव या भागात सर्वांना माहीत असते. १९३०च्या दशकात शेफील्डला जाऊन त्यांनी कलेचे शिक्षण घेतले, परत आले, आणि १९८९ साली मृत्यू येईपर्यंत रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. वर्गात विचारावे तर विद्यार्थी हीच हकीकत सांगतात : बंद दार, गाडीची वाट, न आलेली प्रेयसी. टेबलावर मावतील एवढ्या साध्यासुध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खे निसर्गदृश्य उभे करणारी त्यांची छायाचित्रे किती जणांनी पाहिली आहेत, असे विचारले की वर्ग शांत होतो. ते घर आज संग्रहालय आहे, जळगावहून आणि धुळ्याहून आगगाडीने तेथे जाता येते. युरोपात शिकून आलेला माणूस आपल्या जिल्ह्यात पन्नास वर्षे काम करत होता आणि आपण त्याच्या दाराची दंतकथा केली, कामाचे वाचन केले नाही. मूस यांना आपण दंतकथेत बसवले, आमच्या विद्यार्थिनीला ट्यूलिपमध्ये. दोन्हींत फरक फारसा नाही.

सांगवीहून पुण्याला गेलेला 'कोसला'तला पांडुरंग आम्ही दरवर्षी शिकवतो. खेड्याच्या मापाने तो शहर मोजतो, त्याच्या भाषेत त्याचा प्रदेश बोलतो, हेच त्या कादंबरीचे मोठेपण, असे फळ्यावर लिहून देतो. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांनी जे केले त्याचे कौतुक, आणि तेच आमच्या वर्गातल्या मुलीने वहीत केले तर लाल रेघ. या विसंगतीचा बचाव आम्हाला करता येत नाही. कादंबरीत प्रमाण मानलेली गोष्ट विद्यार्थ्याच्या निबंधात चूक ठरत असेल तर आपण साहित्य शिकवत नाही, केवळ पाठ्यपुस्तक शिकवतो.

मग करायचे काय? मोठ्या योजना सुचवण्याचे आमचे स्थान नाही. तीन लहान गोष्टी आम्ही स्वतःपुरत्या ठरवल्या आहेत. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला निघण्यापूर्वी थंडीच्या कपड्यांबरोबर एक कोरी वही द्यायची आणि सांगायचे की रोज लिही, घरी ज्या भाषेत बोलतेस त्या भाषेत लिही. परत आल्यावर सत्काराऐवजी एक तास ठेवायचा. त्यात शिक्षकांनी भाषण करायचे नाही, प्रश्न विचारायचे, आणि खर्च किती आला हा प्रश्न विचारायचा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे लेख छापताना अशुद्धलेखन तपासायचे, अनुभव तपासायचा नाही. यात नवे काही नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वतःच्या हाताने रोजचे दैनिक लिहून काढत. शंभर वर्षांपूर्वी याच प्रदेशात एका शिक्षकाने विद्यार्थ्यांचे जगणे लिहिण्याजोगे मानले होते. आमच्या हाती संगणक आहे, छपाईचा निधी आहे, आणि तरी आम्ही ट्यूलिप छापतो.

शेवटी एका ओळीविषयी सांगायचे राहिले. वहीच्या पहिल्या पानावर तारखेखाली तिने लिहिले होते की, इथे उन्हाळा म्हणतात पण आपल्याकडे आता कपाशीची निंदणी चालू असेल, आई एकटीच मजुरीला जात असेल. 'उन्हाळी अभ्यासक्रम' हा शब्द आम्ही सत्काराच्या भाषणात कितीदा उच्चारला असेल, परंतु तो उन्हाळा म्हणजे आमच्या कामाचे दिवस, आणि त्या सहा आठवड्यांची किंमत एका बाईने रोजंदारीत मोजली, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तेही आम्ही खोडले होते.

वही परत देताना आम्ही तिची क्षमा मागितली. ती संकोचली, 'असू द्या सर, लेख छान झाला होता,' म्हणाली. मग अर्जाचा कागद पुढे करून तिने विचारले की, अभ्यासाचा विषय काय लिहू? पाणी लिहू, की दुसरे काही सोपे सुचवता? आम्ही तिला त्या अर्ध्या पानाकडे बोट दाखवले. नियमात बसेल का, असे तिने विचारले. बसेल की नाही ते आम्हाला सांगता आले नाही. आधी प्रश्न पूर्ण लिहून आण, नियमाचे मग पाहू, एवढेच आम्ही म्हणालो. पुढच्या सोमवारी ती येणार आहे. लाल शाईचे पेन आम्ही टेबलावरून काढून ठेवले आहे.